फिलिपीची शर्यत

छत्री घरीच ठेवा. पायात जुने, वापरून मऊ झालेले बूट घाला. आज रात्रभर पावसात चालायचं आहे, आणि ज्यांच्याबरोबर चालायचं आहे ती पोरं नव्या करकरीत बुटांत आली आहेत. पहाटेपर्यंत त्यांच्या टाचांचं काय होतं ते तुम्ही पाहालच.

पण त्याआधी संध्याकाळी जरा शत्रूच्या गावात चक्कर मारून घेऊ. शत्रू कोणाचा, हे विचारू नका. इथे अजून कोणालाच ते नीट ठरवता आलेलं नाही. एकाच घरातला थोरला या बाजूला आणि धाकटा त्या बाजूला, असं चाललंय.

२ जून १८६१, रविवार. अमेरिकेत उत्तर विरुद्ध दक्षिण असं यादवी युद्ध पेटलंय. गावाचं नाव फिलिपी. आज ते अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात आहे. त्या संध्याकाळी असं राज्यच नव्हतं, सगळं व्हर्जिनियाच. चारी बाजूंना हिरव्या डोंगरांची दाटी, मधून टायगार्ट नदी तांबडं पाणी घेऊन वाहतेय, काठावर कोर्ट, चर्च, थोडी दुकानं आणि लाकडी घरं. गाव एवढंच. एरवी रविवारी संध्याकाळी इथे माणसं ओसरीवर बसून पाय हलवत असतील. आज मात्र गल्लीबोळांत घोडे बांधलेत, आणि गावाच्या कडेला मोकळ्या जागेत पांढरे तंबू उठलेत.

नाक उघडं ठेवा. पहिला वास ओल्या लोकरीचा, आठ दिवस अंगावरून न उतरलेल्या. त्यावर घोड्यांच्या मुताचा. त्यावर डुकराच्या चरबीत काहीतरी तळत असल्याचा, आणि या सगळ्यावर तंबाखूचा. तंबाखू सगळेच चघळतात आणि पिचकारी कुठे टाकावी याचं कोणाला सोयरसुतक नाही, तेव्हा खाली बघून चाला. कुणीतरी तुमच्या हातात पत्र्याचा पेला देईल. त्यातलं काळं पाणी कॉफी म्हणून प्या. मक्याची पोळी मिळाली तर नाही म्हणू नका. आपल्या भाकरीशी तिची बरोबरी नाही, पण गरम आहे, आणि पुढचे १२ तास तुम्हाला गरम काही मिळणार नाही.

ही कर्नल पोर्टरफील्ड यांची फौज. बंडखोर दक्षिणेची माणसं, साधारण ८००. फौज म्हणताना थोडा संकोच वाटतो. कोणाच्या अंगात शेतावरचा सदरा, कोणाच्या अंगात शिकारीचा कोट. एकाच्या खांद्यावर आजोबांच्या काळातली चकमकीची बंदूक आहे. गारगोटी ठिणगी पाडणार, ठिणगी दारू पेटवणार आणि मग गोळी सुटणार. या पावसात हे सगळं व्हायला किती वेळ लागेल, याचा अंदाज तुम्हीच करा. घोडदळातल्या काहींकडे नुसतं पिस्तूल आहे. काहींकडे फक्त उत्साह आहे, पण तो मात्र भरपूर.

त्यांच्यात एक उंच, पोरसवदा मुलगा दिसेल. जेम्स हँगर, वय १८. इंजिनिअरिंगचं कॉलेज अर्धवट टाकून इथे आलाय, भरती होऊन जेमतेम दोन दिवस झालेत. त्याचा चेहरा लक्षात ठेवा.

आज फेअरमाँटकडून दोन मुली घोडे दामटत आल्या होत्या. उत्तरेचं सैन्य निघालंय, तुमच्यावर चालून येतंय, असं त्यांनी सांगितलं. त्यांचं म्हणणं ऐकून घेतलं गेलं. गाव सोडून मागे सरकायच्या गोष्टीही झाल्या. मग पाऊस वाढला. आपल्याकडे मृग तोंडावर आलेला असतो तेव्हा पहिलीच सर जशी सूड घेतल्यासारखी येते, तसा हा पाऊस तंबूंवर तडतडायला लागला. पहारेकऱ्यांनी आकाशाकडे पाहिलं, एकमेकांकडे पाहिलं आणि ठरवलं, की अशा रात्री कुत्रंसुद्धा बाहेर पडणार नाही. एकेक करून ते आत आले. ओले कपडे काढले, अंगावर घोंगडी ओढली. पाच मिनिटांत घोरणं सुरू. त्यांना दोष देण्याआधी दोन मिनिटं तुम्ही स्वतः त्या रस्त्याच्या कडेला उभे राहून बघा. कॉलरमधून पाणी आत शिरून पाठीच्या कण्यावरून खाली उतरायला लागलं, की कर्तव्य वगैरे शब्द फार लांबचे वाटू लागतात.

आता चला. वेब्स्टर नावाच्या रेल्वे स्टेशनाजवळ, मध्यरात्रीच्या त्याच पावसात.

इथे तुम्ही कर्नल ड्युमाँट यांच्या रांगेत आहात. ही उत्तरेची माणसं, बहुतेक इंडियाना आणि ओहायोची. दुसरी एक तुकडी कर्नल केली यांच्या हाताखाली सकाळीच आगगाडीतून पलीकडच्या बाजूला गेलीय, आपण भलतीकडेच चाललोय असं दाखवत. ती वेगळ्या डोंगरवाटेने येऊन गावाच्या मागचा रस्ता अडवणार आहे. तिच्यात इंडियानाचा अँब्रोज बिअर्स नावाचा एक साधा शिपाई चालतोय, तोही १८ वर्षांचाच. युद्धाच्या सगळ्यात काळ्याकुट्ट गोष्टी पुढे हाच लिहिणार आहे. सध्या मात्र त्याच्या बुटात पाणी आहे, बाकीच्यांसारखंच. दोन्ही रांगा मिळून माणसं साधारण ३०००.

ही पोरं तीन महिन्यांच्या करारावर भरती झालीत. तीन महिने. मक्याची कणसं भरायच्या आत घरी. गावातून निघताना बँड वाजला होता, मुलींनी हात हलवले होते, आणि घरोघरच्या आयांनी इतकं सामान बांधून दिलंय की काहींच्या पाठीवर अख्खा संसार आहे.

वाट साधारण २० किलोमीटरची. पहिल्या दोनात थोडी कुजबुज, थोडी थट्टा. मग हुकूम येतो, बोलायचं नाही. मग नुसते आवाज उरतात. हजारो बूट चिखलात रुततात आणि सुटतात, चपक चपक. पुढच्या माणसाच्या पाठीवरची पत्र्याची बाटली कशावर तरी ठणठणते. कोणीतरी घसरतं, कोणीतरी दात आवळून देवाचं नाव घेतं, ते भक्तीने नव्हे. अंधार इतका गच्च, की तुम्ही पुढच्याच्या कोटाचा शेव धरून चालता. तो थांबला की तुमचं नाक त्याच्या पाठीवर आपटतं. तुमच्या मागच्याचं तुमच्या पाठीवर. चालताचालता डुलकी लागते हे तुम्ही फक्त ऐकलं होतं. आज ते अनुभवाल.

अंगावरचा लोकरी कोट आता पाणी पिऊन धोंड्यासारखा झालाय. खाली सुती सदरा कातडीला चिकटलाय. (सुती म्हटलं म्हणून आठवलं. याच युद्धामुळे दक्षिणेचा कापूस अडकून पडेल, इंग्लंडच्या गिरण्या आपल्याकडच्या कापसावर तुटून पडतील आणि मुंबईत भाव असे चढतील की शहाणीसुरती माणसं शेअर बाजारात वेडी होतील. १८६५ साली युद्ध संपलं की सगळेच धाडकन खाली. पण हे तुमच्या शेजारी चालणाऱ्या पोराला सांगण्यात अर्थ नाही. मुंबई कुठे आहे हे त्याला ठाऊक नाही, आणि कापूस म्हणजे त्याच्या दृष्टीने आज रात्री अंगाला चिकटलेला हा सदरा.)

पहाट जवळ आली तसा ‘पाय उचला’ असा हुकूम येतो. उशीर होतोय. आता पळत चालायचं. इथे रस्त्याच्या कडेला लक्ष द्या, आयांनी बांधून दिलेला संसार उतरायला लागलाय. आधी घोंगड्या. मग पाठीवरच्या पिशव्या. मग ज्यात दोन दिवसांचं खाणं होतं त्या थैल्या, ज्यांच्यात आता पावाचा लगदा झालाय. काही पोरं तर स्वतःच कडेला बसलीत, डोळे मिटून, तोंड उघडं टाकून. रात्रभर पावसात चाललेल्या माणसाला लढाईची भीती वाटत नाही, हा या रात्रीचा शोध आहे. त्याला फक्त कुठेतरी टेकायचं असतं.

थांबा. पोचलो.

तुम्ही टेकडीवर आहात. चार वाजून गेलेत. पाऊस भुरभुरतोय. खाली धुकं, धुक्याखाली नदी, नदीवर छप्पर असलेला लांबलचक लाकडी पूल आणि पलीकडे फिलिपी, गाढ झोपेत. काल संध्याकाळी ज्या तंबूंमधून तुम्ही फिरलात ते खाली पांढऱ्या ठिपक्यांसारखे दिसताहेत. एकाही चुलीचा धूर नाही. एकही पहारेकरी नाही.

घोड्यांनी ओढत आणलेल्या दोन तोफा चिखलातून ढकलून जागेवर लावल्या जातात. बेत सोपा आहे. केली यांची तुकडी पलीकडून येऊन मागचा रस्ता बंद करील. ती जागेवर आली की पिस्तुलाचा एक बार. तो ऐकला की इकडून तोफा. पक्षी पिंजऱ्यात. कागदावर यात चूक काढायला जागाच नाही.

केली यांची तुकडी मात्र जागेवर आलेली नाही. अंधारात वाट चुकून ती भलत्याच रस्त्याने उतरतेय.

आणि इथे या लढाईतली माझी सगळ्यात आवडती व्यक्ती येते. टेकडीजवळच हम्फ्रीजबाईंचं घर आहे. बाई दक्षिणेच्या बाजूच्या. पहाटे आवाजाने जाग येते, दार उघडून बघतात तर अंगणासमोरून सैन्य चाललंय. त्या क्षणात ठरवतात. पोराला उठवतात, घोड्यावर बसवतात आणि सांगतात, जा, खाली गावात जाऊन सगळ्यांना उठव. पोरगं निघतं न निघतं तोच शिपाई लगाम धरतात आणि त्याला खाली ओढतात. मग बाई मध्ये पडतात. झटापट, आरडाओरडा, आणि त्यांच्या हातात पिस्तूल. एक बार. असं सांगतात, की तो कोणालाही लागला नाही.

टेकडीवरच्या गोलंदाजांनी मात्र ऐकला. पिस्तुलाचा एक बार. ठरल्याप्रमाणे.

कानांवर हात ठेवा. नाही, आता उशीर झाला. तोफेचा आवाज कानांनी ऐकायचा नसतोच, तो छातीत होतो. पोटातलं सगळं एकदा जागचं हलतं. पायाखालची ओली माती थरथरते. मग धूर, पांढरा, दाट, आणि सडक्या अंड्यांचा वास. डोळ्यांतून पाणी. डोंगरांच्या त्या दाटीत तोच आवाज इकडून तिकडे आपटत चारदा परत येतो. शेजारचा पोरगा, जो दोन मिनिटांपूर्वी उभ्याउभ्या झोपला होता, टक्क जागा झालाय आणि कारण नसताना हसतोय.

धूर विरला की खाली बघा. लवकर बघा, असं दृश्य पुन्हा मिळायचं नाही.

तंबूंची तोंडं उघडताहेत आणि त्यांतून माणसं सांडताहेत. नुसत्या सदऱ्यात. एका पायात विजार, दुसरा पाय तिच्यात घालायचा प्रयत्न करत उड्या मारत. बूट हातात. एकाने आधी टोपी घातलीय, बाकी काही नाही. घोडे दाव्याला हिसके देताहेत, काही पोरं खोगिराशिवायच पाठीवर चढताहेत. दोनचार जण वळून एकेक गोळी झाडतात, पण त्यांत फारसा जीव नाही. चकमकीच्या ओल्या बंदुकांनी आपलं मत आधीच दिलंय. आणि मागचा रस्ता, तो ज्याला बंद व्हायचं होतं, सताड उघडा आहे. सगळे त्याच रस्त्याने दक्षिणेकडे धावताहेत. उत्तरेकडची वर्तमानपत्रं या प्रकाराला पुढे ‘फिलिपीची शर्यत’ म्हणणार आहेत.

‘चला!’ असं कोणीतरी ओरडतं आणि तुम्हीही टेकडीवरून खाली निघता. धावत म्हणण्यापेक्षा घसरत. तुमच्या अंगावरून उत्तरेचेच कर्नल लँडर घोडा फेकत जातात, अशा उतारावर, की शहाणा माणूस तिथे पायीसुद्धा बसून उतरला असता. घोडा पडत नाही. हे का, ते घोड्यालाच ठाऊक.

पुढे पूल. पळतच आत शिरा, आणि एक गोष्ट अनुभवा. पाऊस थांबला. रात्रभरात पहिल्यांदा तुमच्या डोक्यावर छप्पर आहे. आत अंधार, कोरड्या लाकडाचा, लिदीचा, धुळीचा वास. शेकडो बूट फळ्यांवर आदळताहेत आणि तो गडगडाट छपराखाली कोंडून तोफेशी स्पर्धा करतोय. हा पूल १८५२ साली लेम्युएल चेनोवेथ या सुताराने बांधला. त्याची एक गोष्ट इकडे सांगतात. पुलाचं कंत्राट मिळवायला तो रिचमंडला गेला, पुलाचा छोटा नमुना दोन खुर्च्यांवर ठेवला आणि सगळ्या साहेबांसमोर स्वतः त्यावर चढून उभा राहिला. मग बाकीच्या कंत्राटदारांना म्हणाला, आता तुम्ही तुमच्या नमुन्यांवर उभे राहून दाखवा. खरं असो वा नसो, आज त्याच्या फळ्या एका सैन्याखाली कुरकुरतसुद्धा नाहीत. एकदोन पोरं पुलातच थबकलीत, भिंतीला पाठ टेकून. लढाई पुढे चाललीय, पण कोरडी जागा आत्ताच मिळालीय.

पलीकडे गावात पोचता तेव्हा बहुतेक सगळं संपलेलं असतं. केली यांची माणसं शेवटी दुसऱ्या बाजूने आलीत आणि गल्ल्यांत पळणाऱ्यांच्या मागे लागलीत. खुद्द केली यांना छातीत गोळी लागलीय. त्यांची माणसं रडकुंडीला आलीत. (रडू नका म्हणावं. माणूस वाचणार आहे, आणि ३० वर्षं जगणार आहे.) एवढ्या दाणादाणीत कोणीही जीवानिशी गेलं नाही, असंच बहुतेक अभ्यासक मानतात.

आता भूक. वाटेत टाकलेल्या थैल्या आठवतात आणि पोट कळवळतं. पण पळणाऱ्यांनी सगळं जागेवर सोडलंय, तंबू, घोंगड्या, पेट्या, धान्य. चुली पेटतात. त्यांच्याच कढईत त्यांचीच चरबी चुरचुरायला लागते. ओल्या कोटांमधून वाफा निघताहेत. जो तो आपण काय पाहिलं ते सांगतोय, आणि प्रत्येक वेळी सांगताना पळणाऱ्यांच्या अंगावरचा एकेक कपडा कमी होतोय. हसून हसून पोटं दुखताहेत. कोणाचीही लढाई याहून बरी सुरू झाली नसेल.

जरा बाजूला या. त्या तबेल्याकडे.

त्या तोफांनी आधी छर्रे आणि मग भरीव गोळे सोडले होते. भरीव गोळा म्हणजे नुसती लोखंडाची गोळी, सहा पौंडांची, पावणेतीन किलोची. ती फुटत नाही. जमिनीवर आपटते, उडते, पुन्हा आपटते, आणि वाटेत जे येईल त्यातून जाते. कालचा तो हँगर आपला घोडा घ्यायला तबेल्यात धावला होता. गोळा जमिनीवर आपटून उसळला, तबेल्यात शिरला आणि त्याच्या डाव्या पायावर बसला. बाकीचे पळाले. त्याने स्वतःला ओढत गवताच्या माळ्यावर चढवलं आणि तिथे पडून राहिला. बाहेर आचारी, हसणारे, वाफाळणारे कोट. आत गवताचा गोड वास आणि त्यात दुसरा एक वास, जो तुम्हाला ओळखता येईल पण नाव द्यावंसं वाटणार नाही. काही तासांनी शिपायांना तो सापडला.

ओहायोच्या रेजिमेंटचा डॉक्टर रॉबिसन पाय मांडीत कापतो. तुम्ही बाहेरच थांबा. जखम जंतूंमुळे सडते, हे अजून इथे कोणालाही ठाऊक नाही. करवत पुसली म्हणजे स्वच्छ झाली, एवढंच ठाऊक आहे. या अख्ख्या युद्धात पुढे हजारो हात-पाय कापले जाणार आहेत. हा त्यांतला पहिला मानला जातो.

हँगर जगला. कैदेतून सुटून ऑगस्टमध्ये चर्चव्हिलला घरी गेला आणि मला एकटं राहू द्या म्हणाला. आईवडिलांना वाटलं, पोरगं खचलं. वरच्या खोलीचं दार बंद. जेवण दाराशी ठेवायचं, रिकामं ताट उचलायचं. मग त्याने पिंपाच्या फळ्या मागवल्या. लाकडाचे ढलपे बाहेर यायला लागले. लाकडी खुंटाच्या पायाने चालताना त्याला स्वतःचाच राग येत होता, तेव्हा तो गुडघ्यात वाकणारा पाय करत होता, बिजागरी लावून. नोव्हेंबरात एक दिवस जिन्यावर पावलं वाजली आणि तो स्वतःच्या दोन पायांवर खाली उतरला. पुढे व्हर्जिनियाने त्याला सैनिकांसाठी पाय करायचं काम दिलं. चार वर्षांत गिऱ्हाइकांची वाण पडली नाही. त्याच्या नावाची कंपनी आजही पाय करते.

पण ते नंतर. ३ जूनच्या या सकाळी पाऊस उघडलाय, धुरकट ऊन पडतंय, आणि तुम्हाला निघायला हवं. पुलाशी तुमच्या रांगेतला तोच पोरगा भेटेल, उभ्याउभ्या झोपणारा. त्याला रिकाम्या तंबूत एक विजार मिळालीय. बंडखोराची, पण कोरडी. स्वतःची पाणी गळणारी विजार त्याने कठड्यावर टाकलीय आणि ही चढवून तो वाकून बघतोय, तुम्हालाही दाखवतोय. पायात चांगली वीतभर आखूड आहे. तो खांदे उडवतो. चालेल म्हणतो, तीन महिन्यांचाच तर प्रश्न आहे.